तलावेच्छू

विवाहेच्छू तरुणाचं कधी ना कधी जमतं, नाहीतर वय उलटल्यावर तो नाद तरी सोडतो. तलावेच्छू गृहस्थाच्या बाबतीत यांतलं काहीच होत नाही. हा गृहस्थ साधारण पंचावन्न ते सत्तर या वयोगटात सापडतो. पुण्यात स्वतःचा फ्लॅट, मुळशी, पानशेत किंवा वेल्ह्याच्या अंगाला दहा-अकरा गुंठ्यांचा एन.ए. प्लॉट, त्यावर वरून कौलारू दिसणारं पण आतून स्लॅबचं बैठं घर, आणि घरामागे पोहण्याचा तलाव मावेल एवढी मोकळी जागा. (मुंबईकर असेल तर गावांची नावं कर्जत आणि अलिबाग अशी बदलून घ्यावीत, बाकी मजकूर तोच.) या जागेत तलाव बांधावा की बांधू नये, हा त्याचा प्रश्न. ओळखायची खूण सोपी आहे. घरामागच्या हिरवळीवर फक्कीनं आखलेला एक आकार दिसतो. पावसात तो वाहून जातो आणि दिवाळीनंतर पुन्हा आखला जातो, दर वर्षी थोडा निराळा: आधी सरळ आयत, मग काजूचा आकार, मग एका टोकाला पायऱ्या वाढवलेला काजू. घरातली माणसं या रेघेला वळसा घालून जातात. धुणं वाळत घालायला निघालेल्या मावशीसुद्धा बादली सांभाळत कडेकडेनं जातात. संध्याकाळी खुर्च्या ‘काठावर’ मांडल्या जातात आणि एखादा पाहुणा चुकून खुर्ची ओढत आत सरकला, तर यजमानांच्या चेहऱ्यावर क्षणभर खरीखुरी काळजी उमटते.

माझं म्हणणं असं, की तलावेच्छूनं हा निर्णय कधीही घेऊ नये. बांधू तर नयेच, पण बांधायचा नाही असंही ठरवू नये. ऐकायला हे आळशीपणाचं वाटेल, पण याचे पुरावे त्याच्याच फायलीत आहेत. हा माणूस अडाणी नसतो. बहुतेकदा इंजिनिअरच असतो आणि त्याच्या लॅपटॉपवर एक्सेलचा तक्ता तयार असतो. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल, म्हणजे सुमारे ५७ हजार लिटर पाणी. दहा हजारांचा एक धरला तर सहा टँकर. शहरी माणसाला रोज दरडोई १३५ लिटर पाणी लागतं असं पाणीपुरवठा योजना धरून चालतात. त्या मापानं चार माणसांचं घर या तलावावर साडेतीन महिने निघेल. आणखी एक माप घ्यायचं तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होतं. म्हणजे अख्खी वाघीण रिकामी केली तरी आपल्या गृहस्थांचा तलाव काठोकाठ भरायचा नाही. शिवाय भरून भागत नाही. उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा थर दिवसाला सात-आठ मिलिमीटरनं सहज उतरतो. एवढ्या पृष्ठभागावर ते रोजचे तीनशे लिटर होतात. दोन माणसांचं दिवसभराचं पाणी, कोणी पायसुद्धा न बुडवता, आकाशात. एक अश्वशक्तीचा पंप गाळणीसाठी आठ तास चालवला की सहा युनिटं; कोणी पोहो न पोहो. तलावेच्छूला हे सगळं पाठ असतं. तो हे आकडे पाहुण्यांना स्वतःहून सांगतो, जवळजवळ अभिमानानं. पण तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात त्यानं ‘मानसिक समाधान’ असं लिहून ठेवलेलं असतं, त्यापुढे रुपयांत काय भरायचं ते सुचत नाही, आणि म्हणून बेरीज काही होत नाही.

पाण्यापेक्षा मोठी अडचण पंचांगाची आहे. तलाव कोणासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: नातवंडांसाठी. ही नातवंडं बहुधा अमेरिकेत असतात, आणि त्यांच्या शाळांना मोठी सुट्टी लागते ती जूनपासून ऑगस्टपर्यंत. त्या दिवसांत मुळशीच्या अंगाला पाऊस असा कोसळतो की पोहण्यासाठी निराळा खड्डा खणायची गरज उरत नाही. तलावातलं क्लोरिन पातळ होतं, काठावरची माती आत येते आणि मुलं खिडकीत बसून वायफाय कधी येणार ते विचारतात. दुसरी सुट्टी नाताळची. डिसेंबरात त्या भागात रात्री चांगलाच गारठा असतो आणि उघड्यावरचं पाणी दुपारी बारालाही अंगावर काटा आणतं. उरले एप्रिल आणि मे. तेव्हा खरोखर डुंबावंसं वाटतं, पण नातवंडं तिकडे शाळेत असतात आणि इकडे बोअर आटलेली असते. थोडक्यात, पाणी असतं तेव्हा माणूस उतरू शकत नाही आणि उतरावंसं वाटतं तेव्हा पाणी नसतं. यावर तलावेच्छूचा तोडगा म्हणजे सोलरवर पाणी गरम करायचं. तक्त्यात आणखी चार ओळी वाढतात आणि विषय पुढच्या हिवाळ्यावर जातो.

‘मग ज्यांनी बांधले ते मूर्ख का?’ हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्यांच्याकडेही पाहू. मूर्ख नव्हेत, ते फक्त एका व्यक्तिचित्रातून दुसऱ्यात गेले आहेत. तलाव झालेला गृहस्थ पहिल्या उन्हाळ्यात रोज उतरतो, दुसऱ्या उन्हाळ्यात रविवारी, आणि तिसऱ्यापासून काठावर बसून पाय सोडतो. त्याचं बोलणं बदलतं. पूर्वी तो पुस्तकांबद्दल, निदान राजकारणाबद्दल तरी बोलायचा. आता पीएच सात पूर्णांक दोन आणि सात पूर्णांक सहा यांच्या मध्ये ठेवणं किती जिकिरीचं आहे, यावर बोलतो. सकाळी उठल्यावर देवाआधी तो छोट्या नळीत पाणी घेतो, त्यात थेंब टाकतो आणि रंग उन्हाकडे धरून पाहतो. स्किमरची जाळी उचलली की आत आंब्याची पानं, दोन-तीन भुंगे आणि एक बेडूक. टाइल गुळगुळीत असल्यानं बेडकाला बाहेर पडता येत नाही, रात्रभर तो कडेकडेनं फिरत राहतो. त्यामागोमाग एखादी दिवडही येते, आणि त्या दिवसापुरती पोहण्याची चर्चा संपते. एका शनिवारी-रविवारी पुण्यात लग्न निघालं, रखवालदारानं गावच्या जत्रेपायी दोन दिवस पंप चालवला नाही, की पुढच्या खेपेला तलाव हिरवागार. तेव्हा फोनवर जो संवाद होतो तो साधारण असा: ‘अरे, औषध टाकलं होतंस ना?’ ‘टाकलं की सायेब.’ ‘कुठलं?’ ‘जे शेडमंदी होतं ते.’ शेडमध्ये तीन डबे असतात, आणि त्यांतला एक बागेसाठी आणलेल्या खताचा असतो.

दुसरा आक्षेप व्यायामाचा. पोहणं उत्तम, गुडघ्यांना सोसणारं, डॉक्टरसुद्धा सुचवतात; याबद्दल वाद नाही. वाद लांबीबद्दल आहे. पन्नास मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे वीस फेऱ्या. तीस फुटांच्या तलावात त्याच एक किलोमीटरला एकशे नऊ फेऱ्या लागतात. चार हात मारले की भिंत, वळा, पुन्हा चार हात, पुन्हा भिंत. इतक्यांदा वळणारा माणूस व्यायाम करतो की प्रदक्षिणा घालतो, हे बाहेरून सांगणं कठीण. ज्याला खरंच पोहायचं असतं, तो डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावावर किंवा महापालिकेच्या एखाद्या तलावावर पहाटेची बॅच पकडतो आणि आठ वाजता घरी येऊन पोहे खातो. अशा माणसाला तलावेच्छू होण्याची सवडच मिळत नाही. (तलावेच्छूंपैकी कितीजणांना पोहता येतं, हा प्रश्न मी विचारणार नाही. सभ्यतेला मर्यादा असतात.)

तिसरा आक्षेप गुंतवणुकीचा असतो आणि तो बहुधा जावयाकडून येतो. तलाव असलेला बंगला शनिवार-रविवारसाठी भाड्यानं चांगला जातो. लोणावळ्यात जाऊन पाहा, पाहुणे फोनवर पहिलं विचारतात ते तलाव आहे का. हे खरं आहे. पण मग शनिवार-रविवार तलावात कोण असेल? भाड्यानं आलेले पंधरा जण आणि त्यांचा स्पीकर. मालक मंगळवारी येतो आणि खालच्या जाळीत अडकलेलं चिकटपट्टीचं भेंडोळं कुठून आलं याचा विचार करत बसतो. स्वतःच्या तलावापायी स्वतःच्या घरातून दर शनिवारी हद्दपार व्हायचं असेल तर तलावाचा खर्च वाचवून सरळ घरच भाड्यानं द्यावं.

आता सर्वांत भावनिक आक्षेप: ‘आमच्या पिढीनं विहिरीत उड्या मारल्या, पुढच्या पिढीनं काय शॉवरखाली मोठं व्हायचं?’ इथे तलावेच्छूचा आवाज थोडा जड होतो, आणि मला वाटतं, त्याची खरी मागणी हीच आहे. म्हणून या विहिरीकडे नीट पाहायला हवं. सांगली-साताऱ्याकडची, नगर-सोलापूरकडची ती विहीर पोहण्यासाठी कोणी खणली नव्हती. ती मळ्यासाठी होती. पोहणं वर फुकट मिळायचं. रोज इंजिन लागायचं, पाणी उसाला जायचं, खालून झरे नवं पाणी आणायचे, म्हणून तिला ना क्लोरिन लागायचं ना गाळणी. पाठीला पांगाऱ्याचं बिंडं किंवा वाळका भोपळा बांधून, नाहीतर तेलाचा रिकामा डबा अडकवून पोरगं आत ढकललं जायचं, आणि ढकलणारा चुलता नाहीतर मामा कमरेला दोरी बांधलेल्या त्या पोराला वरून शिव्या घालत पोहणं शिकवायचा. थारोळ्यावरून सूर, मुटका मारला की सगळ्यांचे कपडे भिजणार, कोणाची तरी चड्डी कोणीतरी पळवणार, मळ्याचा मालक काठी घेऊन येणार. त्या आनंदात पाण्याचा वाटा निम्मासुद्धा नव्हता. बाकीचा वाटा वीस पोरांचा, एका काठीचा आणि घरी कळलं तर काय होईल या भीतीचा. यांतलं घरामागच्या तलावात काय आणता येईल? वीस पोरं नाहीत. दोन आहेत, त्यांना सनस्क्रीन लावलेलं आहे आणि आजी काठावर टॉवेल घेऊन उभी आहे. मोहेंजोदडोचा दाखलाही असाच उलटतो. तिथलं स्नानकुंड सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद होतं हे खरं, पण ते कोणा गृहस्थाच्या परसात नव्हतं. झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला होता, आणि तो आजच्या वॉटरप्रूफिंगवाल्याच्या दहा वर्षांच्या गॅरंटीपेक्षा बराच जास्त टिकलेला दिसतो.

एका मुद्द्यावर मात्र चेष्टा थांबवलेली बरी. लहान मूल पाण्यात पडलं तर आवाज करत नाही. सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. म्हणून घरातल्या तलावाला चारही बाजूंनी निदान चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच. कोटेशनमध्ये ही ओळ बहुधा नसते, कारण मासिकातल्या फोटोत कुंपण नसतं. आणि तलावेच्छूला हवा असतो तो फोटोतला तलाव.

आता शेवटचा आणि माझ्या विधानाला सर्वांत जड जाणारा आक्षेप. एवढं सगळं विरोधात असेल तर गृहस्थानं सरळ ‘नाही’ म्हणून फाईल बंद का करू नये? कारण फाईल बंद केली तर शनिवारी मुळशीला जायचं कशाला? आंबे लावून झाले, ठिबक बसवून झालं, गच्चीची गळती दोनदा काढून झाली. पत्नी म्हणते, ‘अहो, आधी तिसऱ्यांदा ती गच्ची बघा,’ आणि ते बरोबरच आहे, पण गळतीसाठी कोणी पाहुणा कौतुकानं खुर्ची पुढे ओढत नाही. न खणलेल्या तलावापायी ठेकेदार ‘साहेब, साहेब’ करत चहाला येतात. वास्तूवाले पाणी ईशान्येला हवं असं सांगतात, ईशान्येला सेप्टिक टँक आहे हे कळल्यावर दुसऱ्या खेपेला येऊन उपाय सांगतात. मुलगा सॅन होजेहून फायबरच्या तयार तलावांचे व्हिडिओ पाठवतो. एरवी बापलेकांचं बोलणं तब्येतीच्या चौकशीपुढे जात नव्हतं, ते आता पाऊण तास चालतं. या तलावातून थेंबभर पाणी उडून जात नाही, त्यात बेडूक मरत नाही आणि त्याला रखवालदार लागत नाही. लाभ मोजायचेच तर बांधलेल्या तलावाला यांतले निम्मेही देता येत नाहीत.

सध्या हा गृहस्थ झाकणापाशी पोहोचला आहे. तलावावर ओढून घ्यायचं झाकण घेतलं तर बाष्पीभवन कमी होतं, पाचोळा पडत नाही, पोरांची काळजीही हलकी होते; तीन प्रश्न एका झटक्यात सुटतात. झाकणवाल्यानं फोनवर विचारलं, ‘साहेब, तलावाचं माप काय?’ साहेबांनी त्याला सांगितलं आहे की तुमच्याकडे झाकणं कोणकोणत्या मापांत येतात ते आधी कळवा, म्हणजे त्यावरून तलावाचं ठरवता येईल.