ते माझ्याकडे नाही

अनुदानावर चालणाऱ्या कुठल्याही वाचनालयात पुस्तकं असतात, कपाटं असतात, एकाच वर्तमानपत्रावर डोळा ठेवून बसलेले दोन निवृत्त गृहस्थ असतात आणि ‘ते माझ्याकडे नाही’ म्हणणारे एक भाऊ असतात. पुस्तकं कमीजास्त होतील, गृहस्थांपैकी एखादे मुलाकडे पनवेलला जातील. भाऊ मात्र हमखास जागेवर. खोपोलीहून साजगावकडे वळा, खालापूरला जा, नाहीतर कर्जतला उतरा, ते भेटतीलच. म्हणून गावाचं नाव सांगत नाही. उगाच तिघाचौघांना वाटायचं, आपल्यावरच लिहिलंय.

भाऊंकडे देवघेव आहे. वाचकाचं पुस्तक घ्यायचं, दुसरं द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा. परत आलेलं पुस्तक टेबलावर पडलं की देवघेव संपली. टेबलापासून कपाटापर्यंतचा प्रवास ‘मांडणी’त येतो आणि मांडणी भाऊंकडे नाही. त्यामुळे सोमवारी टेबलाएवढे असणारे भाऊ शनिवारी ढिगाऱ्यामागे फक्त चष्म्यापुरते उरतात. मागणी केलेली कादंबरी त्याच ढिगात, त्यांच्या कोपराखाली असते. ‘बाहेर गेलीय,’ ते सांगतात. कपाटातून बाहेर गेलीय, एवढं खरं.

दोष एकट्या भाऊंचा नाही. झाडलोट करायला येणाऱ्या मावशींकडे फरशी आहे. फरशी लख्ख असते. पण कपाटाचा माथा म्हणजे काही फरशी नव्हे. ग्रंथपाल मॅडमकडे दाखल नोंदवही, पत्रव्यवहार आणि वार्षिक अहवाल. चहा तिघंही घेतात, पण कप कोणाकडेच नाहीत. दाखल नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर कपबुडाची जी तपकिरी वर्तुळं उमटली आहेत, ती मोजली तर संस्थेचं वय निघेल. भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर आहे आणि तसबिरीतल्या खराट्याला खरं जळमट लागलं आहे. शेजारी रंगनाथन आहेत. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून त्यांना हार घालतात. तो पुढच्या 12 ऑगस्टपर्यंत लोंबत असतो, कारण घालायचा ठराव झालेला असतो, काढायचा नाही. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं. आमचा वाचक उभ्या उभ्या ढिगारा उपसत असतो आणि रंगनाथन सुकलेल्या झेंडूआडून पाहत असतात.

पावसाळ्यात भाऊंची कला खुलते. बोरघाटाच्या पायथ्याचा पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. बांधणी फुगते, पानांना बुरशी येते, कसर डांबरगोळ्यांना जुमानत नाही. एका जुलैत चरित्रांच्या कपाटावर पाणी गळू लागलं. थेंब पहिल्यांदा पाहिला भाऊंनीच, सकाळी वाचनालय उघडताना. कपाट सरकवणं त्यांच्याकडे नव्हतं, बादली मावशींची होती आणि छप्पर कार्यकारी मंडळाचं. पण भाऊ स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी धरून समास आखला, लाल शाईने ‘येथे पाणी गळते’ असं वळणदार लिहिलं आणि बरोबर गळतीखाली चिकटवलं. दुपारपर्यंत सूचनाही गळून गेली. शेवटी बादली आणली ती अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोराने. ‘कोणाला विचारून आणलीस?’ एवढं मात्र भाऊंनी विचारलं.

या माणसाला आळशी म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. अनुदान हप्त्याने येतं, हप्ता उशिरा येतो आणि त्यातून हातात पडणारी रक्कम सांगायला भाऊंना लाज वाटते. जे काम एकदा हौसेने केलं ते कायमचं गळ्यात पडतं, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं आहे. म्हणून त्यांनी स्वतःभोवती कुंपण घातलं. माझ्या मते भाऊंचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं मात्र तपासणीच्या दिवशी उघडं पडतं. तपासणीचा निरोप आला की हेच भाऊ स्टुलावर चढतात, पंखा पुसतात, प्लास्टिकची फुलं निरम्याने धुतात, मावशी दारात रांगोळी घालतात आणि मॅडम चक्क कप विसळतात. वाचनालय लग्नघरासारखं दिसतं. म्हणजे येतं सगळ्यांना सगळं. फक्त साहेब यावा लागतो. रोज येणारा वाचक साहेब नसतो, एवढाच काय तो फरक.

आणि कार्तिकीला साजगावात पाहा त्यांना. धाकट्या पंढरीची यात्रा भरलेली, बोंबल्या विठोबाच्या दर्शनाची रांग लागलेली, खाली सुक्या मासळीचा बाजार दरवळतोय आणि आमचे भाऊ प्रसादाच्या पंगतीत धोतर खोचून उष्ट्या पत्रावळी उचलताहेत. तिथे ‘ते माझ्याकडे नाही’ नाही. पाणीही वाढतात, चपलाही सरळ लावून ठेवतात.

मॅडमनी हे पाहिलं आणि परत आल्यावर एक गोष्ट फार शहाणपणाने केली. परिपत्रक काढलं नाही, कामाची वाटणी फळ्यावर लिहिली नाही. शनिवारी पदर खोचला, फडकं घेतलं आणि स्वतः चरित्रांच्या कपाटाशी खाली बसल्या. ‘भाऊ, वरची रांग जरा खाली देता का?’ भाऊंनी क्षणभर विचार केला. द्यायचं म्हणजे देवघेवच की! दिली. पुसलेली परत घेतली, वर ठेवली. मांडणी झाल्याचं त्यांच्या लक्षात येईपर्यंत तीन खण संपले होते. मावशींनीही मग फडक्याला काठी बांधून माथा पुसला. तेवढ्यात सभासद असलेले एक शिक्षक आले, त्यांच्याही हाती मॅडमनी पुस्तकं दिली. अध्यक्षही आले होते. त्यांनी फोटो काढला. पुढच्या शनिवारी मॅडमनी त्यांच्यासाठी वेगळं फडकं आणलं, पण अध्यक्ष आले नाहीत. अध्यक्षांनी एकदा तरी फडकं हातात धरावं, अशी माझी जाहीर विनंती आहे. खालच्या दहा सूचना त्याने वाचतील.

आता दर शनिवारी अर्धा तास हे चालतं. भाऊ अजूनही त्याला ‘देवघेव’च म्हणतात आणि कोणी त्यांना दुरुस्त करत नाही. ढिगारा टेबलावर असतो, पण भाऊ पूर्ण दिसतात. कपांचा प्रश्न मिटलेला नाही.

तुम्ही सभासद असाल तर तुमच्याकडेही थोडं काम आहे. यंदा साजगावच्या यात्रेला जाण्याआधी वाचनालयाचं पुस्तक परत करा. निदान ते सुक्या बोंबलाच्या पिशवीत तरी ठेवू नका. तो वास काढायचं काम अजून कोणाकडेच दिलेलं नाही.