सी-सहावाले काका

जबलपूरच्या मराठी वस्तीत हा नमुना हमखास भेटतो: कारखान्यातून निवृत्त, संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला, आणि स्वतःहून काळी मोहरी मागून घेणारा काका. उभी नोकरी १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत, तोफगाडे बनवण्यात गेली. पण पटावर हल्ला म्हणून कधी करायचा नाही. पांढऱ्यानं वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की यांचंही दोन घरं. त्यानं शेजारचं प्यादं आणून माराच्या तोंडी ठेवलं की हे चष्मा पुसतात आणि खेळतात सी-सहा, म्हणजे वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं फक्त एक घर पुढे. झाला स्लाव्ह बचाव!

"अहो, फुकट मिळतंय, मारा की!"

"फुकटचं लगेच घेऊ नये."

यातला 'लगेच' महत्त्वाचा. तिसऱ्या खेळीला काका घोडा काढून साळसूदपणे बसतात आणि चौथीला तेच प्यादं गट्टम करतात. कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी पुढे केली तरी हाच क्रम: "नको", "अहो, खरंच नको", आणि मग दोन. पांढऱ्याला ते प्यादं बहुधा परत मिळतं. जिलबीचं तसं नाही.

त्याऐवजी ई-सहा, म्हणजे राजाचं प्यादं एक घर पुढे, खेळणारी माणसं त्यांच्या लेखी बेजबाबदार. वजिराकडचा उंट बिचारा आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. "आधी उंट बाहेर काढा, मग दार लावा!" हे ते इतक्या तावातावानं सांगतात की आतून काकू विचारतात, "कोण चाललंय?"

समोरच्यानं राजाचं प्यादं हलवलं तरी उत्तर सी-सहाच. त्याला कारो-कान म्हणतात. पण काकांना नावाशी काय कर्तव्य! जबलपूरच्याच खमरियातले त्यांचे जुने सोबती कपाळाला हात लावतात, "अरे बड्डे, कभी तो कुछ और चलो यार!"

इतिहासाचा निकालही याच न्यायानं लागतो. १८१७ साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून का गेलं? "मधल्या घराला आधार नव्हता." १९३५ साली यूवेनं अलेखाइनचं जगज्जेतेपद हिसकावलं, त्या सामन्यात स्लाव्ह पुन्हा पुन्हा खेळला गेला, ते सांगताना काकांचा आवाज भरून येतो. २००८ साली बॉनमध्ये आनंदनं काळ्या मोहऱ्यांनी क्रॅमनिकला दोनदा लोळवलं, ते सेमी-स्लाव्ह खेळून. त्या डावांतली धुमश्चक्री काकांच्या सात पिढ्यांना झेपली नसती. पण श्रेय घ्यायला ते मागे नाहीत. "सी-सहा होतं ना? मग!"

मुलगा पुण्याला. दर दिवाळीत तो म्हणतो, "बाबा, हे घर विका आणि तिकडे चला." काका हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मुलाची गाडी स्टेशनातून सुटली की गवंड्याला बोलावतात आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतात.