उल्हास नदी मोहीम : नवशिक्यांसाठी दिवस पहिला

नदीवरची मोहीम डोंबिवली स्टेशनच्या पुलावर सुरू होते. सहाला जमायचं ठरवा, म्हणजे पावणेसातला निम्मी मुलं दिसतील. बाकीच्यांचा ‘निघालोच’ हा मेसेज अंथरुणातून आलेला असतो. रविवार टाळावा, मेगाब्लॉक असतो. पण इतर दिवशी क्लास असतात, तेव्हा रविवारच ठरेल.

सामानाची यादी देत नाही, कारण कोणी पाळत नाही. पाण्याची बाटली मात्र प्रत्येकजण घरच्या नळावर भरून आणतो. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला बारावे, मोहिलीच्या केंद्रांतून येणारं पाणी उल्हासचंच. म्हणजे तुम्ही नदी पाठीवर घेऊन नदी शोधायला निघालात. तरीही काठावर ओंजळीने पिऊ नका. मधल्या शुद्धीकरणाला काही अर्थ आहे.

कल्याणला फाटा फुटतो. चुकून कसारा लोकल पकडलीत, तर शहाड सुटल्यावर पुलाखाली उल्हास दिसेल, उतरता मात्र येणार नाही. कर्जत मार्गावर नावाला भुलून उल्हासनगरला उतरू नका. तिथे भेटते ती वालधुनी, आणि तिचा आपण नाला केला आहे. हिच्याच काठावर अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं शिवमंदिर उभं आहे. शिलाहारांनी जागा निवडली तेव्हा तिथे नाक धरावं लागत नसणार.

बदलापूरला उतरा. रिक्षावाल्याला ‘नदीवर’ सांगाल तर तो ‘कुठे?’ विचारेल, ‘बॅरेज’ म्हणा, लगेच मीटरशिवायचा भाव सांगेल.

काठावर पोचताच वर जायचं की खाली, यावर वाद घाला. खाली मोहन्याकडे उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की नवखा गडी पाण्यावरच क्रिकेटचं पिच मोजायला लागेल. त्यामुळे वर, वांगणीच्या दिशेने चला.

पावसाळ्यात ही मोहीम काढू नये. रेल्वेने एकदा नकळत काढली होती : २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. बोटी लागल्या. तुम्ही दिवाळीनंतर निघा.

अकरा वाजता डबे उघडतील. थालीपीठ संपल्यावर चालण्याचा उत्साहही संपतो, तेव्हा जे काय चालायचं ते आधीच चालून घ्या. संध्याकाळी नोंदवहीत अंतर लिहिताना लोकलचे किलोमीटर धरायचे की नाही, हे मात्र सकाळीच ठरवा. परतीच्या गाडीत त्यावरून भांडणं होतात.