गाय, गाडी आणि आवळासुपारी

मला गाडी लागते. ताम्हिणी घाटात लागते, वरंध्यात लागते, आणि माझ्याच वरातीत घोडासुद्धा लागला होता. पण टीव्हीसमोर सोफ्यावर बसून गाडी लागलेला आमच्या घराण्यातला पहिला पुरुष मीच. पुण्याला ताईकडे गेलो होतो. भाचीने हातात कंट्रोलर कोंबला आणि म्हणाली, "मामा, चल, तुला जग फिरवून आणते." मी निमूटपणे खिशातली आवळासुपारी तोंडात टाकली.

जग म्हणजे 'मारियो कार्ट वर्ल्ड'. निन्टेंडोने जून २०२५ मध्ये 'स्विच २' या नव्या यंत्राबरोबर आणलेला गेम. आधीच्या गेममध्ये प्रत्येक शर्यतीचा रस्ता सुटा असायचा. इथे सगळे रस्ते एका सलग मुलखात आहेत आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे गाडी हाकत जायचं असतं. वाटेत वाळवंट आहे, बर्फ आहे, समुद्र आहे. बघायला वेळ नाही, एवढंच.

आधी ड्रायव्हर निवडायचा. मिशीवाला मारियो, राजकन्या, गोरिला, डायनासोर, भुतांचा राजा आणि गाय. मी गाय घेतली. २००८ सालच्या गेममध्ये हीच गाय कुरणातल्या रस्त्यावर आडवी यायची आणि लोक तिला चुकवायचे. सतरा वर्षांनी तिला बढती मिळाली, वर गाडी मिळाली. मी ज्या खात्यात नोकरी करतो तिथेही बढतीचे निकष साधारण हेच आहेत.

भाचीने 'नॉकआउट टूर' लावली. चोवीस गाड्या एकदम सुटतात. ठरावीक अंतरावर चौकी येते आणि तिथे मागचे चौघे घरी जातात. मग उरतात वीस, सोळा, बारा, आठ आणि शेवटी चार. सहलीच्या बसमध्ये मागच्या सीटवर वाढलेल्या माणसावर हा उघड अन्याय होता.

"मामा, आर दाबून धर! वळणावर सोडू नकोस!"

धरलं. गाय तिरकी झाली, चाकांखालून निळ्या ठिणग्या उडाल्या, मग केशरी. सोडल्यावर गाडीने अशी मुसंडी मारली की मी सोफ्यावर उजवीकडे कलंडलो आणि आईच्या चहात माझं कोपर गेलं. "तू का वाकतोयस? वाकून गाडी वळत नाही," भाची म्हणाली. हे मला माहीत होतं. माझ्या मणक्याला माहीत नव्हतं.

गाय चोविसावी होती. पण या जगातली न्यायव्यवस्था मला आवडली. रस्त्यात प्रश्नचिन्हाच्या पेट्या लटकत असतात आणि आदळलं की काहीतरी पदरात पडतं. काय पडणार, ते तुमच्या नंबरावर. पुढच्यांना नाणी आणि केळ्याची सालं, मागच्यांना बुलेट. मला बुलेट मिळाली. गाईचा तोफगोळा झाला आणि तो वळणं आपोआप घेत धडाधड लोकांना उडवत निघाला. मी हात सोडून बसलो. चौकी आली, गाय विसावी, पास! पुढच्याही चौक्या अशाच काठावर निघाल्या. मग हाती वीज लागली. ती पाडताच बाकीचे सगळे चिमुकले झाले, आणि गाय त्यांना चेपत चेपत चक्क पहिली आली.

पहिली! ताई कणकेच्या हातांनी बाहेर आली. आईने चष्मा पुसला. मी आवळासुपारी गिळली.

आणि मागून भोंगा वाजला.

निळं, काटेरी, पंख असलेलं कासवाचं कवच. ही अवलाद १९९६ च्या 'मारियो कार्ट ६४' पासून चालत आलेली आहे. तिला कामच एक: पहिल्याला शोधून त्याच्यावर फुटायचं. गाय हवेत उडाली. खाली येते तोच मागून एक लाल कवच बसलं. त्या धक्क्याने ती कड्यावरून गेली. मग ढगात बसलेलं एक चष्मेवालं कासव आलं आणि गळ टाकून तिला सावकाश वर काढू लागलं, आणि तेवढ्यात एकामागून एक गाड्या पुढे गेल्या. चौकी. आठ जण आत, गाय नववी. टूर समाप्त.

मला खरोखर राग आला. मागच्याला हात द्या, जरूर द्या, पण मागचा मुश्किलीने पुढे आला की त्याच्याच डोक्यात बॉम्ब? भाची हसून सोफ्यावरून खाली पडली होती. तिच्याकडे पाहिलं आणि राग टिकेना. या खेळाचा जन्मच मुळी असं सोबत बसून खेळण्यासाठी झाला. १९९२ साली पहिला 'सुपर मारियो कार्ट' तयार होत होता, तेव्हा निन्टेंडोचा आधीचा रेसिंग गेम, 'एफ-झीरो', एकट्याने खेळायचा होता. आता एकाच पडद्यावर दोघांना मिळून गाडी हाकता यावी, एवढीच बनवणाऱ्यांची खटपट होती. मारियो त्यात मागाहून आला. सुरुवातीला गाडीत नुसता डांगरीतला एक माणूस होता.

"त्या गाईला आता जरा हळू चालव," आई म्हणाली.

गेममध्ये शर्यतीविना भटकायची सोय आहे. ना घड्याळ, ना नंबर. गाय निघाली. वाटेत एका हॉटेलाच्या खिडकीपाशी तिने बर्गर उचलला आणि खाल्ला. आईला आम्ही तो वडापाव असल्याचं सांगितलं. "डावीकडे घे. आता थांब. तो समुद्र ना?" गुडघ्यांमुळे आई हल्ली लिफ्टच्या पलीकडे फारशी जात नाही. लाटा येत होत्या आणि ती त्या बघत होती. भाचीने स्वतःची पाळी मागितली नाही.

तर माझं मत असं. गेम घ्यावा. घरात पोर नसेल तर शेजारचं बोलावून आणावं. नवख्यांनी 'स्मार्ट स्टिअरिंग' चालू ठेवावं, गाडी कड्यावरून जात नाही. आजी-आजोबांना भटकंतीत बसवावं आणि कुठे जायचं ते त्यांनाच विचारावं. आणि शेवटची चौकी दिसेपर्यंत कुणीही, कितीही मोह झाला तरी, पहिलं येऊ नये. दुसरं राहावं.