टाकीवर लांबी फासणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,

नाव लिहीत नाही. प्रीमियर पद्मिनीची टाकी माझ्या अंगणात विटांवर उघडी पडली आहे. तुमची ओळख तीच सांगते.

वडिलांची गाडी देताना मी एकच सांगितलं होतं: टाकी गळते, उतरवून बघा. तुम्ही पैसे उतरवण्याचे घेतलेत आणि टाकी जागेवरच ठेवलीत. खालून लांबी फासली, वर काळा रंग. रंग एकसारखा बसला होता, हे कबूल. दोन महिन्यांनी रोह्याला जाताना नागोठण्याच्या अलीकडे गाडी आचके देत बंद पडली. कार्ब्युरेटर उघडला, तर तांबूस गाळ.

शेवटी मीच टाकी काढली. फ्लोट सोडवून आत टॉर्च धरली आणि पोटात कालवलं. तळाला गंजाच्या खपल्या होत्या. आपल्या खारेपाटाची दमट हवा अर्ध्या रिकाम्या टाकीत शिरते, त्यातलं पाणी पत्र्यावर साकळतं आणि पेट्रोलहून जड म्हणून तळाशी बसतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, तेही पाणी ओढून घेतं. पत्रा आतून खाल्ला जात होता आणि तुम्ही बाहेरून झाकत होतात! शाडूच्या मूर्तीला भेग गेली तर आधी माती भरून वाळवतात, मग रंग देतात. पेणमध्ये राहून एवढंही दिसलं नाही?

कुर्ल्यात या गाड्या बनणं थांबून दोन दशकं उलटली. नवी टाकी कुठून आणू?

पण खरा राग वेगळाच आहे. तुमच्या हाताखालचा पोरगा सांगत होता, ‘रिकामीच आहे’ म्हणून तुम्ही गॅसची ज्योत लावायला निघाला होतात. पेट्रोल संपलं तरी वाफ उरते, आणि ठिणगीला ती भरल्या टाकीपेक्षा लवकर पेटते. ठाऊक नसेल तर हे काम सोडा. ठाऊक असेल, तर त्या पोराला शेजारी का उभं केलंत?

साखळी घालून टाकी घुसळली, दोन दिवस व्हिनेगर भरून ठेवलं, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवली. रेडिएटरवाल्याने आत पाणी भरून भोकांना झाळ दिली. वाडग्याएवढी खपली निघाली, ती ठेवली आहे.

पैसे परत नकोत. रविवारी टाकी बसवायची आहे, दुसरा हात लागेल. या. त्या पोरालाही आणा, खपली त्याला दाखवायची आहे.