टॅबवाले नाना

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्ल्यांतून नाहीतर नांदेडात भाग्यनगरकडं सहज चालत निघावं. एखाद्या घरातून "दिसूलालास! दिसूलालास तू! मी दिसूलालोय का?" अशी आरोळी आली, की समजायचं, इथं टॅबवाले नाना राहतात. नाना हे नाव आपलं सोयीसाठी. कुठं ते अण्णा असतात, कुठं तात्या, कुठं नुसतेच गुरुजी. पेन्शन सुरू, मुलगा-सून अमेरिकेत आणि घरात टॅब, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की नाना तयार.

टॅब मात्र विकत घेतलेला नसावा. स्वतःच्या पैशानं टॅब घेणारा माणूस हौशी म्हणायचा, नाना नव्हे. खऱ्या नानांचा टॅब वारशानं आलेला असतो आणि हा वारसा उलटा, इथल्या नातवाकडून आजोबांकडं चालत येतो. लातूर पॅटर्नच्या गावात 'नीट'च्या शिकवणीपायी घरोघरी टॅब आले. काही क्लासवाल्यांनी दिले, काही 'महाज्योती' या सरकारी संस्थेकडून मिळाले, काही बापानं सोयाबीनच्या पैशातून घेतले. पुढं नातवंड एमबीबीएसला लागतं किंवा लागत नाही, पण दोन्ही वेळा टॅब रिकामा होतो. नानांच्या टॅबच्या पाठीवर आवर्त सारणीचं स्टिकर अजून आहे आणि पोटात हृदयाच्या चार कप्प्यांवरचं व्याख्यान. ते ऐकल्यापासून नाना बीपी तपासायला जातात, तेव्हा डॉक्टरला उलट प्रश्न विचारतात.

टॅब ठेवायची जागा ठरलेली आहे. पोथी वाचायचं लाकडी व्यासपीठ. त्यावर टॅब, समोर मांडी घालून नाना. पोथी सध्या कपाटात.

नानांचा आवाज एवढा मोठा का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. त्यांची टेलिफोनची दीक्षा ट्रंक कॉलची. एक्स्चेंजला नंबर सांगायचा आणि तासन्‌तास वाट बघायची. जास्तीची घाई असेल तर अर्जंट, त्याहून असेल तर लाइटनिंग. लागला की तीन मिनिटांचा हिशेब. मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. तिथं रात्री अकरानंतर दर पावपट होई, म्हणून सगळं गाव अकरा वाजता रांगेत. पुणं लांब, म्हणून आवाज मोठा. मुंबई त्याहून लांब, म्हणून त्याहून मोठा. या गणितानं मुलाच्या डॅलसला किती आवाज लागेल, हे शेजारच्यांना विचारा. "नाना, हळू बोला, ऐकू येतंय," असं मुलगा तिकडून सांगतो. नाना ते ऐकत नाहीत, कारण ते त्या वेळी बोलत असतात.

मधल्या काळातले, म्हणजे 2012-13 च्या सुमाराचे, नाना तर याहून बघण्यासारखे होते. सिम घालायचे सात इंची टॅब तेव्हा स्वस्त झाले होते. काही जण फोन आला की तो अख्खा टॅब शाळेतल्या पाटीसारखा कानाला लावत. लातूरच्या गंजगोलाई बाजारात अशी दोन माणसं समोरासमोर आली, तर बाजूनं जायला वाट उरत नसे. ती पिढी फार टिकली नाही. मग नानांच्या घरी स्काइप आलं. त्याचा पासवर्ड नाना कालनिर्णयच्या मागं लिहून ठेवत आणि डिसेंबर संपला की कॅलेंडरबरोबर पासवर्डही रद्दीत जाई. 2016 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर चित्रासकट बोलता यायला लागलं आणि पासवर्डाची कटकट मिटली. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन रेल्वे आली होती. दहा टाक्या, पाच लाख लिटर. नानांना हे आकडे पाठ आहेत आणि कुठल्याही कॉलमध्ये ते निघतात.)

वेळेचं गणित नानांनी पक्कं केलंय. उन्हाळ्यात डॅलस साडेदहा तास मागं, हिवाळ्यात साडेअकरा. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागं घेतात, तर नाना कालनिर्णयवर तिथं लाल पेनानं गोल करतात. "सरकार सांगतंय म्हणून सूर्य मागं सरकतो व्हय?" हा त्यांचा अमेरिकेवरचा एकमेव राजकीय आक्षेप.

आता व्याही. सुनेचं माहेर नांदेड. व्याह्यांना लेकीनं आयपॅड दिलेला, नवाकोरा, डबीतला. त्यामुळं नांदेड-लातूर संबंधात बरीच वर्षं तणाव होता. आयपॅडवर व्हॉट्सॲप चालत नसे, ते अधिकृतपणे आलं 2025 च्या मे महिन्यात. तोवर व्याही फेसटाइमवर आणि नानांच्या टॅबात फेसटाइम नाही. दोघंही डॅलसशी रोज तोंड बघून बोलायचे आणि मधे लोहा-अहमदपूर एवढंच अंतर असून एकमेकांशी साध्या फोनवर. व्याही फोनवर म्हणायचे, "आमच्याकडं क्लिअर दिसायलंय." नाना हे आठवडाभर मनात ठेवत.

मे महिन्यानंतर सगळे एकाच कॉलवर एकत्र आले आणि तंटा वाढला. आवाज इंटरनेटवरून जातो तो सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे बारीक तुकडे होऊन. त्यातला एखादा तुकडा उशिरा पोचला तर यंत्र त्याची वाट न बघता टाकून देतं. शिवाय जायला-यायला वेळ लागतो. साधारण सातवा हिस्सा सेकंद गेला तर कुणाला कळत नाही. अर्धा सेकंद गेला की मात्र "बोला", "नाही, तुम्ही बोला", "अहो बोला की", आणि मग दोघंही गप्प. लखनौच्या नवाबांना जी अदब साधली, ती मराठवाड्यात खराब नेटवर्कनं आणली.

पण खरं भांडण घुमणाऱ्या आवाजाचं. आपण बोललेलं आपल्यालाच परत ऐकू आलं, तर खोट बहुतेक वेळा समोरच्याच्या यंत्रात असते. तिकडच्या स्पीकरमधला आवाज तिकडच्याच माइकमध्ये शिरतो आणि फिरून येतो. हे नानांना नातवानं एकदा सांगितलं. सांगायला नको होतं. तेव्हापासून जरा आवाज घुमला की नाना शांतपणे म्हणतात, "व्याही, खराबी तुमच्याकडं हाय." नव्वद हजाराच्या वस्तूला हे ऐकावं लागतं.

नानांच्या बायकोचं, म्हणजे आजीचं, तंत्र वेगळं. ट्रंक कॉलची सवय म्हणून नाना पहिल्या तीन मिनिटांत सगळं उरकतात: तब्येत, पाऊस, भाव, कोण गेलं. पुढं सांगायला काही नसतं आणि मीटरही नसतं. मग नाना पेपर उघडतात, आजी गवार मोडायला बसते, मुलगा तिकडं ऑफिसचं काम काढतो, सून डबा भरते. टॅब चालूच. अर्धा-पाऊण तास कुणी काही बोलत नाही. मधेच आजी विचारते, "कामून खोकलायलास?" आणि पुन्हा गवार. माझ्या मते कॉल खरा इथं सुरू होतो, पण नाना हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या लेखी बोलणं म्हणजे ओरडणं. हा सगळा निवांतपणा एकाच गोष्टीनं मोडतो: नळाला पाणी आलं. लातुरात पाणी कितव्या दिवशी येईल ते सांगता येत नाही, डॅलस उद्याही असतं. टॅब व्यासपीठावर तसाच राहतो आणि मुलगा पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीला "मोटर लावली का?" विचारत बसतो.

गेल्या दिवाळीत व्याही लातूरला आले. सोबत आयपॅड. फराळ झाला, साडेसात वाजले. दोघांनी आपापला टॅब काढला, दोघांनी आपापल्या अपत्याच्या नावावर बोट ठेवलं आणि एकाच कॉलात, एकाच खोलीत, तीन फुटांवर बसून दोघंही बोलू लागले. त्यासरशी दोन्ही यंत्रांतून अशी शिट्टी उठली, की गल्लीतली कुत्री उभी राहिली. मुलगा तिकडून हातवारे करून एक टॅब बंद करा म्हणत होता.

नानांनी कानावरचा हात काढला आणि व्याह्यांकडं समाधानानं पाहिलं.

"बघा," ते म्हणाले, "म्हणत नव्हतो मी?"