‘जमेल’ म्हणणारा माणूस

समुद्रकिनारी वानरांची बैठक भरली होती. शंभर योजनं उडी मारायची कोणी, एवढाच विषय. वाल्मीकींनी या बैठकीचा वृत्तान्त मोठा खुमासदार दिला आहे. गज म्हणाला, माझी झेप दहाची. गवाक्ष वीस म्हणाला, गवय तीस. सोसायटीच्या वर्गणीसारखा आकडा चढत गेला. म्हातारा जांबवंत नव्वदवर अडला. अंगद म्हणाला, जाईन शंभर, पण परतीचं सांगवत नाही. आणि ज्याला हे सहज जमणार होतं, तो मारुती बाजूला गप्प बसून!

जांबवंतानं त्याला गाठलं. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाही. लहानपणी सूर्याला फळ समजून झेपावला होतास, तो तूच ना, अशी जुनी आठवण तेवढी काढली. धीर देणाऱ्याला आपला पूर्वेतिहास ठाऊक असावा लागतो. शिवाय आपल्याला नव्वदच जमतात, हे कबूल करून दुसऱ्याला शंभरासाठी उठवायचं, याला मन मोठं लागतं.

याउलट महाभारतातला शल्य, कर्णाचा सारथी. कर्णाचा तेजोभंग करायचं त्यानं युधिष्ठिराला आधीच कबूल केलेलं. हातात घोड्यांचे लगाम, जिभेला मात्र लगाम नाही. ऐन युद्धात कर्णाला काय ऐकवावं, तर उष्ट्यावर पोसलेल्या आणि हंसाशी पैज लावणाऱ्या कावळ्याची गोष्ट!

आपल्याकडचे खरा धीर देणारे मित्र दिसायला शल्यासारखेच असतात, ही खरी पंचाईत. माझं लेखन घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं की टाळ्यांचा पाऊस पडतो. वाचायला लागेल एवढा वेळही कोणी घेत नाही. माझा मित्र मात्र कागद घेऊन बसतो. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी, चहावर साय धरलेली. ‘‘लेका, पहिलं पान फाड. नुसता घसा खाकरतोयस. दुसऱ्या पानापासून तू बोलायला लागतोस.’’ मी हिरमुसतो. मग साय बोटानं बाजूला सारत तो म्हणतो, ‘‘आजोबांचा परिच्छेद मात्र दोनदा वाचला. पुढचं लिही, जमेल तुला.’’

त्या टाळ्या संध्याकाळपर्यंत विरतात. हे ‘जमेल’ महिनोन्महिने पुरतं, कारण ज्यानं पहिलं पान फाडायला लावलं, तो उगाच गोड बोलणार नाही, ही खात्री असते.

अशा मित्राचा त्रास एकच. तो ‘जमेल’ म्हणाला, की न जमण्याची आपली हक्काची सबब कायमची जाते.